रोगलाइक गेमच्या श्रेयनामावलीत कोणाकोणाची नावं घ्यावीत, आणि कशी? (मंचावरचा धागा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

तळघर

प्रकाशकाशिवाय, एक-दोन माणसांनी सुरू केलेल्या रोगलाइक गेमचा (दर डावाला नव्याने घडणारं तळघर, मेलं की पुन्हा पहिल्यापासून) प्रश्न आहे. कोड गिटवर (बदलांचा इतिहास ठेवणारी प्रणाली) खुला, १.० आवृत्ती तोंडावर. अशा गेममध्ये बाहेरच्यांचा हात बराच असतो. कुणी पॅच (कोडमधला बदल) पाठवतं, कुणी टाइल (पडद्यावरची छोटी चित्रं) काढतं, कुणी भाषांतर करतं, कुणी एकच बग तीन प्रकारे पुन्हा घडवून दाखवतं. आणि कुणी "तिसऱ्या मजल्यावर ऑगर फार लवकर भेटतो" एवढंच म्हणतं, पण त्या एका वाक्यावरून राक्षसांचं अख्खं कोष्टक बदलतं.

नावं नुसती गिटमधून काढून छापली तर यातले निम्मे गळतात. सरसकट सगळ्यांना घ्यावं, तर "गेम चालत नाही" एवढं लिहून गायब झालेलाही आत येतो. रेषा कुठे ओढायची? नावं गेममध्ये दाखवायची कशी? आणि दुकानदारांना, तलवारींना मदतनिसांची नावं द्यायची जी जुनी रीत आहे, ती आज पाळावी का?

घुबड

यंत्राला जे कळतं ते आधी काढून घ्या. गिट शॉर्टलॉगला (लेखकांनुसार सारांश देणारी आज्ञा) एस, एन आणि ई हे तीन पर्याय लावले की प्रत्येकाचं नाव, ईमेल आणि कमिटांची (नोंदवलेल्या बदलांची) संख्या उतरत्या क्रमाने मिळते. सोबत नो-मर्जेस लावा, नाहीतर रोज मर्जचं (इतरांचे बदल मुख्य कोडात मिसळायचं) बटण दाबणारा उगाच वर दिसतो. ही यादी कच्ची आहे, तिच्यात तीन ठिकाणी गळती असते.

एकाच माणसाचे दोन-तीन पत्ते असतात. घरचा संगणक, ऑफिसचा लॅपटॉप, आणि गिटहबच्या पानावरून थेट संपादन केलं असेल तर तिसराच 'नोरिप्लाय' पत्ता. रिपॉझिटरीच्या (प्रकल्पाच्या कोडसाठ्याच्या) मुळाशी डॉट-मेलमॅप नावाची फाइल ठेवा. एका ओळीत हवं ते नाव-पत्ता आणि पुढे जुना नाव-पत्ता लिहिला की शॉर्टलॉग दोन्ही एकत्र मोजतं. कुणी मधल्या काळात नाव बदललं असेल तर तेही इथेच मिटतं, इतिहास पुन्हा लिहून सगळे हॅश (कमिटांच्या ओळखखुणा) बदलावे लागत नाहीत.

दुसरी गळती सहलेखकांची. कमिटच्या संदेशाखाली 'को-ऑथर्ड-बाय' ओळ असते ती साधं शॉर्टलॉग मोजतच नाही. गिट २.२९ पासून शॉर्टलॉगला 'ग्रुप' पर्याय आहे, त्यात ऑथर आणि हा ट्रेलर (संदेशाच्या शेवटची अशी ओळ) असे दोन्ही द्या. गिटहबवर स्क्वॉश करून (अनेक कमिट एकात दाबून) मर्ज केलं की मूळ कमिटांचे बाकीचे लेखक याच ओळीत जाऊन बसतात. म्हणजे ही पायरी गाळली तर जोडीने केलेल्या कामातला एक जण यादीतून साफ जातो.

तिसरी सगळ्यात वाईट. कुणीतरी चर्चेत किंवा मेलमध्ये पॅच चिकटवला आणि देखभाल करणाऱ्याने तो स्वतःच्या नावाने कमिट केला. इथे गिटला काहीच ठाऊक नसतं. पुढच्या वेळी कमिट करताना 'ऑथर' पर्यायात मूळ माणसाचं नाव द्यायचं. जे होऊन गेलं त्यासाठी संदेशांमध्ये 'थँक्स', 'पॅच बाय', 'रिपोर्टेड', 'सजेस्टेड' हे शब्द शोधायचे. लिनक्स कर्नलवाले 'रिपोर्टेड-बाय', 'टेस्टेड-बाय' असे ट्रेलर नेमाने लिहितात, ती सवय लहान प्रकल्पालाही परवडते.

मिमिक

+१. वाचनखूण साठवली.

पायरीउतार

घुबडरावांशी सहमत, फक्त ती उतरती संख्या छापू नका. चारशे टाइलचा पूर्ण संच एका कमिटमध्ये येतो, आणि वर्णनांमधले स्वल्पविराम दुरुस्त करणारा चाळीस कमिट करतो. ओळी मोजल्या तर आणखी गंमत. एक भाषांतराची फाइल आली की तो माणूस मूळ लेखकाच्याही वर जातो. कामाच्या प्रकारानुसार गट करा आणि गटात वर्णानुक्रम लावा. एक माणूस तीन गटांत आला तर येऊ द्या.

बगबद्दल माझी रेषा सोपी आहे. ज्या नोंदीमुळे कोड किंवा डेटा बदलला, त्या नोंदीचा माणूस आत. रोगलाइकमध्ये चांगली नोंद म्हणजे सीड (ज्यावरून अख्खं तळघर घडतं तो अंक), आवृत्ती (शक्यतो कमिटचा हॅश), पात्राचा वर्ग, कितव्या मजल्यावर कितवी खेळी, आणि सेव्ह फाइल. ब्रोग या रोगलाइकमध्ये तर गेम मुळातच सीड आणि दाबलेल्या कळा अशा नोंदीच्या रूपात साठवला जातो, त्यामुळे नोंदीची फाइल दिली की अख्खा डाव पुन्हा चालवून बघता येतो. अशी फाइल जोडणाऱ्याने देखभाल करणाऱ्याचा आठवडा वाचवलेला असतो. "गेम चालत नाही" यात यातलं काहीच नाही. पण त्याच माणसाने पुढच्या प्रश्नांना उत्तरं दिली, लॉग पाठवला आणि त्यावरून दोष सापडला, तर तोही आत.

ऱ्हस्वदीर्घ

पायरीउतार, "कोड बदलला" ही कसोटी कोडवाल्यांच्या सोयीची आहे. संतुलनाची चाचणी करणारे त्यात बसत नाहीत. एखादा वर्ग वीस-तीस डाव खेळून कुणी सांगतं की बर्फाची कांडी बरोबर आहे, हात लावू नका. बदल शून्य, काम मात्र पूर्ण झालेलं. विकी लिहिणाऱ्यांचंही तेच. शस्त्रांची खरी सूत्रं कोडमधून काढून नीट कोष्टकात मांडणारे लोक नवीन खेळाडू टिकवून ठेवतात आणि रिपॉझिटरीत त्यांची एक ओळही नसते.

भाषांतराचं वेगळं बघा. तिथे भाषांतर करणारे आणि तपासणारे असे दोन गट दाखवावेत. शॅटर्ड पिक्सेल डंजन या गेमच्या भाषा निवडायच्या चौकटीत त्या-त्या भाषेच्या भाषांतरकारांची आणि तपासनिसांची नावं दिसतात. जागा अचूक आहे, कारण ज्याला त्या कामाचा उपयोग होतो त्यालाच नाव दिसतं. नावं गोळा करायला वेबलेट (भाषांतराचं ऑनलाइन साधन) वापरत असाल तर त्यात श्रेयाचा तयार अहवाल आहे. तारखांची मर्यादा घातली की भाषेनुसार यादी मिळते. मात्र वेबलेटवरचं सगळं काम एकाच खात्याने गिटमध्ये ढकललं असं दिसत असेल तर कमिटमधला लेखक आणि कमिटर वेगळे बघा. ढकलणारं खातं कमिटर असतं, लेखक बहुधा खरा भाषांतरकारच असतो.

पायरीउतार

चाचणीचं मान्य. मग कसोटी अशी करू: ज्याच्या कामावर विसंबून निर्णय घेतला गेला. "हात लावू नका" हाही निर्णयच.

सातवा_मजला

गेमच्या आत नावं घालायच्या रीतीबद्दल. नेटहॅक (पहिली आवृत्ती १९८७) यात सगळ्यांच्या पुढे आहे. माइनटाउनमधल्या दिव्यांच्या दुकानदाराचं नाव इझचॅक, ते देवटीममधल्या (नेटहॅक घडवणाऱ्या गटातल्या) दिवंगत इझचॅक मिलर यांच्या स्मरणार्थ. अवजारांच्या दुकानदारांच्या यादीत 'रेब्रोल-नेक' आहे. रोमन अक्षरं मागून वाचा, केन लॉर्बर हे देवटीममधलं नाव निघतं. भुतांच्या नावांमध्येही नेटहॅक ज्यावरून निघाला त्या जुन्या 'हॅक'शी संबंधित नावं आहेत, जे आणि अँड्रीज वगैरे.

मोहक आहे, पण नवीन गेममध्ये सरसकट करू नका. तलवारीला माणसाचं नाव दिलं की पुढच्या आवृत्तीत तिचं नुकसान आठवरून सहा करताना हात अडखळतो. खेळाडू मंचावर "अमक्याची तलवार भंगार आहे" असं लिहितात, आणि तो अमका तिथेच वाचत बसलेला असतो. भाषांतरकारांना ते विशेषनाम आहे की वर्णन, हे कळत नाही. त्याहून नाजूक म्हणजे नंतर त्या माणसाने नाव काढा म्हटलं, किंवा त्याच्या वागणुकीमुळे काढावं लागलं, तर सेव्ह फाइल मोडतात का? वस्तूची आतली ओळख तटस्थ ठेवा, 'तलवार_१२' अशी. माणसाचं नाव फक्त दाखवायच्या मजकुरात. मग नाव बदलूनही जुने सेव्ह उघडतात.

मिमिक

माझं नाव कशालाही द्या, पहिल्या मजल्यावरच्या उंदराला सोडून. (ह.घ्या.)

खडूफळा

सातवा_मजला यांनी सेव्हचं सांगितलं, पण मोठा सापळा सीडचा आहे.

समजा थडग्यांवर मदतनिसांची नावं येतात आणि नाव निवडायला मजला बनवणारंच यादृच्छिक अंकांचं यंत्र वापरलंय. यादीत ४० नावं होती, ४१ झाली. पल्ला बदलला. अंक पल्ल्यात बसवताना न बसणारा अंक फेकून पुन्हा काढायची पद्धत असेल तर एखाद्या वेळी एक अंक जास्त खर्च होतो, आणि तिथून पुढचा अख्खा मजला वेगळा. त्याच सीडवर काल जिथे किल्ली होती तिथे आज भिंत. रोजच्या आव्हानाचं सीड, शर्यतींचे विक्रम, जुन्या डावांच्या नोंदी, सगळं एका नावामुळे निकामी.

उपाय ठरलेला आहे: दोन स्वतंत्र यंत्रं. ब्रोगमध्ये खेळावर परिणाम करणाऱ्या आणि फक्त दिसण्यापुरत्या गोष्टींसाठी अशी दोन वेगळी आहेत. थडग्यावरची नावं, ज्वाळांची थरथर, भ्रमात दिसणारे खोटे राक्षस हे सगळं दुसऱ्यातून. दुसऱ्याचं बीज पहिल्यातून अंक ओढून काढू नका, सीड आणि मजल्याचा क्रमांक यांच्या हॅशमधून काढा. मग हजार नावं घाला, तुरुंगाची वीटही हलणार नाही.

घुबड

दंडवत. हे कुठल्याच मार्गदर्शिकेत दिसत नाही.

चौकट८०

नावं दाखवायची कशी यावर अजून कुणी बोललं नाही.

८० स्तंभ, २४ ओळींचा पडदा धरा. शीर्षकाला दोन ओळी, तळाला 'पुढे/मागे'ची एक, उरल्या २१. २६ स्तंभांचे तीन रकाने केले तर ७८ होतात, म्हणजे पानाला ६३ नावं. रकान्यांमध्ये दोन घरं मोकळी सोडली तर नावाला २४ घरं. आपोआप वर सरकणारी यादी करू नका, आपलं नाव शोधणाऱ्याला ती थांबवता येत नाही. पानं करा आणि शोधायची सोय द्या.

खरा घोळ फॉन्टचा. पुष्कळ रोगलाइकचे बिटमॅप फॉन्ट जुन्या कोड पेज ४३७ या डॉसच्या काळच्या अक्षरसंचावर बेतलेले, एकूण २५६ चिन्हं. त्यात फ्रेंच आणि स्पॅनिश बरंचसं निभावतं, पण पोलिश रेघवाला एल नाही, हंगेरियन लांब ओ नाही. ज्याने पोलिश भाषांतर फुकट करून दिलं त्याच्याच नावात प्रश्नचिन्ह. चिनी-जपानी अक्षरं दोन घरं खातात, त्यामुळे अक्षरं मोजून रुंदी काढली की रकाने वाकडे होतात. रुंदी डब्ल्यूसीविड्थसारख्या फंक्शनने मोजा.

देवनागरी तर घरांच्या जाळीत बसतच नाही. 'क्षितिज' घ्या. युनिकोडमध्ये सात चिन्हं: क, हलन्त, ष, ऱ्हस्व वेलांटी, त, पुन्हा वेलांटी, ज. एका घरात एक चिन्ह काढणारा गेम पाय मोडलेला क, सुटा ष आणि त्याच्या उजवीकडे लोंबकळणारी वेलांटी काढतो. डोळ्यांना दिसायला हवीत तीनच अक्षरं. यासाठी आकार घडवणारं इंजिन लागतं, म्हणजे हार्फबझ. गोडो ४ या गेम बनवायच्या इंजिनमध्ये ते आतच आहे. एसडीएल टीटीएफ ही फॉन्ट रंगवणारी लायब्ररी वापरत असाल तर ते हार्फबझसह बांधलेलं हवं. नुसतं टर्मिनल असेल तर टर्मिनलच्या भरवशावर राहू नका. श्रेयाचं पान जाळीबाहेर काढा आणि प्रत्येक नाव एक चित्र म्हणून रंगवून चिकटवा.

ऱ्हस्वदीर्घ

चौकट८० यांच्याला पुरवणी: माणसाकडून नाव दोन रूपांत मागा. त्याच्या लिपीतलं, आणि रोमन लिपीतलं त्याने स्वतः लिहिलेलं. दुसरं क्रम लावायला आणि फॉन्ट नसेल तिथे दाखवायला. परस्पर लिप्यंतर करू नये, लोक आपल्या स्पेलिंगबाबत फार हळवे असतात आणि ते रास्तच आहे.

कलमकसाई

धागा सगळा 'कृतज्ञता' या अंगाने चाललाय. काही नावं घेणं ऐच्छिक नाही, हे विसरू नका.

सीसी (क्रिएटिव्ह कॉमन्स) बाय किंवा सीसी बाय-एसए परवान्याच्या टाइल, आवाज, संगीत वापरलं असेल तर लेखकाचं नाव, परवान्याचं नाव आणि दुवा, मूळ कुठे मिळेल, आणि बदल केले असतील तर तसा उल्लेख, एवढं द्यावंच लागतं. "टाइल: इंटरनेटवरून" हे चालत नाही. सीसी झिरोला नाव सक्तीचं नाही. डंजन क्रॉल स्टोन सूप या गेमच्या बऱ्याच टाइल तशा खुल्या आहेत. तरी मूळ दुवा नोंदवून ठेवा, उद्या कुणी आक्षेप घेतला तर दाखवायला. ओपनगेमआर्टवर एकाच कामाला तीन-चार परवाने असतात, तुम्ही कुठला निवडला ते लिहा. एनसी (फक्त बिगर-व्यावसायिक वापराची अट) असलेला आवाज विकायच्या गेममध्ये घालूच नका, कितीही ठळक नाव दिलं तरी. एमआयटी आणि बीएसडी परवान्याच्या लायब्रऱ्यांची स्वामित्वहक्काची सूचना बायनरीसोबतही जावी लागते. ओएफएल (खुल्या फॉन्टचा परवाना) असलेल्या फॉन्टसोबत परवान्याचा मजकूर.

हा भाग आभारांच्या यादीत मिसळू नका, वेगळं पान करा. आणि नाव छापलं म्हणून कामाचे हक्क तुमच्याकडे येत नाहीत. अँगबँड या रोगलाइकला जुना परवाना सोडून जीपीएल या खुल्या परवान्यावर जायचं होतं तेव्हा जुन्या लेखकांना शोधून परवानग्या गोळा कराव्या लागल्या. नाव आणि चालू पत्ता असलेली यादी तिथे उपयोगी पडते. कॅटाक्लिझम डार्क डेज अहेड हा गेम सीसी बाय-एसए ३.० वर आहे आणि हातभार लावणारे इतके, की तिथे परवाना बदलणं आता जवळजवळ अशक्य.

नवखा_जादूगार

पैसे देणाऱ्यांचं काय? देणगीवाल्यांनाही त्याच यादीत घेतलं तर चालेल?

कलमकसाई

वेगळं शीर्षक द्या. पैसे मोजले की भाषांतरकाराच्या शेजारी नाव, असं दिसलं की पुढचा भाषांतरकार येत नाही.

चौकट८०

आणि पैसे देऊन नाव घालणाऱ्यांच्या मजकुरावर नियम आधीच लिहा: कमाल २४ घरं, दुवे नाहीत, कंपन्यांची नावं नाहीत, शिव्या नाहीत. वयाचं मानांकन श्रेयाच्या पानालाही लागू असतं.

तळघर

बरीच गाठोडी सुटली, आभार. दोन अडचणी उरल्या. ज्यांच्याशी आता संपर्कच होत नाही त्यांचं काय करायचं? आणि काहींना नाव नकोच असतं, ते कसं कळणार?

पायरीउतार

संपर्क होत नसेल तर त्यांनी स्वतः जाहीरपणे जे टोपणनाव वापरलं तेच छापा, एक अक्षरही इकडेतिकडे नाही. टोपणनावामागचं खरं नाव माहीत असलं तरी ते घालू नका. ईमेल तर कधीच छापू नका; शॉर्टलॉगमधून थेट चिकटवताना तो हमखास सोबत येतो.

नको असणाऱ्यांसाठी पॅचच्या साच्यात एक ओळ टाका: "श्रेयनामावलीत कसं नाव हवं? नको असल्यास 'नको' लिहा." नकाराचीही नोंद ठेवा, नाहीतर पुढच्या आवृत्तीला कुणीतरी नवीन उत्साही माणूस इतिहास चाळून तेच नाव परत घालतो.

घुबड

हे सगळं एका फाइलमध्ये येऊ द्या. टॅबने विभागलेली साधी मजकूर फाइल पुरते. रकाने: दाखवायचं नाव, रोमन रूप, कामाचा प्रकार, कुठल्या आवृत्तीत, पुरावा (कमिट, नोंदीचा क्रमांक किंवा चर्चेचा दुवा), संमती. श्रेयाचं पान आणि रीडमीतली यादी या एकाच फाइलमधून बिल्डच्या वेळी बनवा. गेममध्ये एक, संकेतस्थळावर दुसरी असं झालं की आठवड्यात दोन्ही वेगळ्या दिशांना जातात. एकच खबरदारी: ही फाइल खुल्या रिपॉझिटरीत असेल तर 'नको' म्हणणाऱ्यांची नावं तिच्यात लिहू नका, ती यादी खासगी ठेवा.

मग सीआयमध्ये (प्रत्येक बदलानंतर आपोआप चालणाऱ्या तपासण्यांमध्ये) छोटी तपासणी लावा. मागच्या टॅगपासून (आवृत्तीच्या खुणेपासून) आतापर्यंतचे लेखक आणि सहलेखक काढायचे, मेलमॅपमधून गाळायचे, बॉट वगळायचे, आणि जे ना फाइलमध्ये ना खासगी यादीत, त्यांची नावं इशारा म्हणून दाखवायची. बिल्ड पाडू नका, फक्त इशारा. नाहीतर घाईत कुणीतरी नाव कसंतरी कोंबून मोकळं होतं.

सातवा_मजला

तळघर यांच्या मूळ ऑगरवाल्याचं राहिलं की. त्याला कसं पकडणार? तो ना गिटमध्ये, ना नोंदींमध्ये.

ऱ्हस्वदीर्घ

राक्षसांचं कोष्टक बदलणाऱ्या कमिटच्या संदेशात 'सजेस्टेड-बाय' आणि चर्चेचा दुवा, त्याच दिवशी. सहा महिन्यांनी सापडत नाही. गप्पांच्या सर्व्हरवरचं तर मुळीच नाही. कमिट आधीच होऊन गेलं असेल तर घुबड म्हणतात त्या फाइलमध्ये लगेच एक ओळ वाढवायची, प्रकार 'संतुलन', पुरावा म्हणून संदेशाचा दुवा.

खडूफळा

आणि १.० बाहेर पडल्यावर 'माझं नाव राहिलं' असे निरोप येणारच. त्यासाठी १.०.१ ची वाट बघायला लावू नका. श्रेयाची फाइल डेटा म्हणून वेगळी ठेवलीत तर कोड न बदलता तीच अद्ययावत करता येते. फक्त ती सेव्हच्या सुसंगततेच्या चेकसममध्ये (फाइल बदलल्या का ते ओळखणाऱ्या अंकात) धरू नका, नाहीतर एक नाव वाढलं की सगळ्यांचे चालू डाव "वेगळी आवृत्ती" म्हणून नाकारले जातील.

तळघर

आमच्याकडे चेकसम अख्ख्या डेटा फोल्डरवर आहे. आधी ते बाहेर काढतो, मग मेलमॅप.

मिमिक

उंदराचं लक्षात ठेवा.